चकाचक रान

"अक्का, रान बघ. कसं चकाचक केलंय!" भाऊ मोठ्या हौसेनं म्हणाला.

नवऱ्याचं तेरावं झाल्यावर सुगंधा आज पहिल्यांदाच शेतात आली होती. शेवग्याच्या सावलीत हळद पिकवणारा तिचा नवरा खाली पडलेलं पानही कुणाला उचलू द्यायचा नाही. "जमिनीचं पांघरूण आहे ते," म्हणायचा.

यंदाची हळद काढून झाली होती, आणि आता शेवग्याखाली नुसती राख होती. दुःखात बहिणीला तेवढाच हातभार, म्हणून भावानं पार बांधापर्यंतच्या गवतावर तणनाशक मारून सगळं पाचोळ्यासकट पेटवून दिलं होतं. तिनं माती उकरली. गांडुळं वेटोळं करून मेली होती. रागवायचं तरी कुणावर? पंप मारून मारून त्याच्या तळहाताला फोड आले होते.

"जाताना बांधावरचं अळू नेतो," तो म्हणाला. "पोरांना तुझ्याच शेतातलं घालतो, अक्का. दाजींच्या रानातलं म्हणजे विषाची भीती नाही."