नवे ओरखडे

शेवटचा ओरखडा काही केल्या जाईना. पॉलिशवालीनं कापडाची पुरचुंडी पुन्हा रबिंगच्या, म्हणजे घासायच्या मलमाच्या, डबीत टेकवली आणि गिटारच्या पोटावर गोल गोल फिरवायला लागली. हात हलका ठेवायचा होता. गिटार सव्वीस वर्षांची. वरचं पॉलिश कांद्याच्या पापुद्र्याएवढं उरलेलं. जरा जास्त घासलं की खालचं लाकूड उघडं पडणार, आणि मग ब्रह्मदेव आला तरी ते झाकता येणार नाही.

गिटार तिच्या थोरल्या भावाची होती. चार दिवसांपूर्वी त्यानं ती आणून टेबलावर ठेवली, तेव्हा तो नुसता धुमसत होता.

"कार्टीनं वाट लावली," तो म्हणाला. "मी घरात नसलो की घेऊन बसते. विचारलं तर तोंड वर करून सांगते, 'हो, मीच.' रविवारी माझा कार्यक्रम आहे. पहिल्या रांगेतला माणूस काय म्हणेल?"

कार्टी म्हणजे त्याची एकुलती एक लेक. एकोणीस वर्षांची. रोज संध्याकाळी बाप तिला शिकवायला बसायचा. ते त्यानं बंद केलं होतं. बोलणंही टाकलं होतं. जेवायची ताटं तेवढी एका टेबलावर यायची.

जुने ओरखडे पॉलिशवालीला पाठ होते. ते रुंद, सरळ, वर्षानुवर्षांच्या वाजवण्यानं पडलेले. त्यांना हात लावायचा नाही असं दादानंच बजावलं होतं. नवे होते सात-आठ, सगळ्यात बारीक तारेच्या खाली. सकाळी खिडकीशी नेऊन तिनं गिटार तिरपी धरली आणि तिचा हात थांबला. किल्ली लागली, बटण घासलं, तर रेघ सरळ उठते. या रेघा मुंगी चालत गेल्यासारख्या वेड्यावाकड्या होत्या.

तिनं गिटार मांडीवर घेतली. तारा छेडल्यासारखा हात खाली आणला. हात तारा सोडून आणखी घसरला की बरोब्बर तिथंच पोचत होता.

भाची बोटांनी वाजवायची. नखं कुरतडून कुरतडून तिनं त्यांचं नावनिशाण ठेवलं नव्हतं. तारा छेडायची ती प्लास्टिकची पट्टी तिला धरताच यायची नाही. पट्टी धरायचा दादा.

आणि मग तिला आठवलं, गिटार द्यायला आला त्या दिवशी दादानं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. थंडी तर नव्हती.



तेव्हापासून ती घासत होती आणि मनात वाक्यं जुळवत होती. 'दादा, एकदा डॉक्टरांकडे जाऊन ये.' की 'दादा, पोरीनं काही केलेलं नाही'? सांगावं, तर कार्यक्रम परवावर आलेला. न सांगावं, तर पोरीच्या डोक्यावर फुकटचा आळ. पण मग पोर 'मीच' कशाला म्हणाली? बापाच्या आवाजानं गांगरली असेल, झालं. एवढ्यात शेवटचा ओरखडा विरघळल्यासारखा नाहीसा झाला. तिला आनंद झाला नाही. पुरावाच पुसल्यासारखं वाटलं.

दुपारी दादा आला. मागून गिटारचं कव्हर घेऊन भाची. तो सरळ आत गेला. 'ये' असं तो म्हणाला नाही, म्हणून ती दारातच थांबली, कव्हर छातीशी धरून.

"शाब्बास!" दादा गिटार उजेडात फिरवत म्हणाला. "आरसा केलास की गं. सांग, कुठं होते ओरखडे?"

"दादा, मला जरा बोलायचंय," पॉलिशवाली म्हणाली.

"बोल ना. आधी आवाज बघू दे." तो स्टुलावर बसला, खिशातून पट्टी काढली आणि वाजवायला लागला.

पहिल्या ओळी सुरेख आल्या. त्याचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदाच सैल झाला. पॉलिशवालीला वाटलं, आपणच वेडे. नसती शंका घेतली. मग लय वाढली. दादाचं मनगट थरथरलं. पट्टी तारा सोडून खाली गेली आणि नव्या पॉलिशवरून टर्रकन ओढली गेली.

एक पांढरी, वेडीवाकडी रेघ.

  दादा रेघेकडे बघत राहिला. हात अजून हलत होता. तो त्यानं मुठीत आवळला, तरी हलत होता.

"माझा धक्का लागला, बाबा," दारातून भाची घाईघाईनं म्हणाली. रोजचं पाठ केलेलं म्हणावं तसं. "सॉरी. माझ्याकडूनच झालं."

दादानं मान वर केली. त्याच्या आणि तिच्या मध्ये पॉलिशचं लांबलचक टेबल होतं, उलट्या मांडलेल्या चार खुर्च्या होत्या, अर्ध्यावर घासलेलं एक कपाट होतं. ती उंबऱ्याच्या आत पाऊलसुद्धा न टाकता उभी होती. आपण काय बोलून बसलो, ते आत्ता तिच्या ध्यानात येत होतं.

त्यानं गिटार टेबलावर ठेवली.

"इतक्या लांबून, बाळा?"