आतली धग

संध्याकाळी सहा वाजता बेल वाजली, तेव्हाच फ्राउकेने ओळखलं की काहीतरी अडलेलं आहे. सहाला सगळी गल्ली जेवायला बसते. त्या वेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहणं म्हणजे शेजारधर्माला सोडचिठ्ठीच. दारात शेजारचा सीत्से होता. तो घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा करायचा. अंगात कामाचा पांढरा सदरा, आणि घामाने नुसता निथळत होता.

"माफ करा हं शेजारीणबाई, ताटावरून उठवलं का?"

"ताट वाढलंच नव्हतं. बोल."

त्याने मागे वळून पाहिलं. रस्त्यापलीकडे चार्जिंगच्या खांबाला फ्राउकेची हायब्रिड गाडी जोडलेली होती. उन्हाळ्यातलं लांबलेलं ऊन अजून तिच्या टपावर होतं. बॅटरी गार करणारा पंखा इतका घरघरत होता की उंबऱ्यापर्यंत ऐकू येत होता.

"खांबाचा दुसरा सॉकेट बंद पडलाय, तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या गाडीतली वीज संपत आलीय. तुमची पेट्रोलवरही पळते, माझी नाही ना पळत. तिकडे म्हातारे इंजेक्शनची वाट बघत बसलेत. तासभर तरी मला खांब द्या."

"माझी अजून भरली नाही."

"भरणार कशी? बाहेरून तापलेली आणता आणि भर उन्हात तशीच जोडता! बॅटरी गरम असली की गाडी वीज जपून घेते. घेते त्यातलीही बरीचशी तो पंखाच खातो. हार्म कधी असं करायचे का?"

तिचा नवरा हार्म असं कधीच करत नसे. घोडे पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा तो. तापल्या घोड्याला लगेच पाणी दाखवू नये, म्हणायचा. गाडी आणली की केबलचं वेटोळं मांडीवर घेऊन खिडकीत कॉफी पीत बसायचा. ऊन उतरलं की बाहेर जाऊन बॉनेटवर तळहात ठेवून बघायचा, आणि मगच जोडायचा. आता गल्लीला वाटत होतं, बिचारीला यातलं काही कळत नाही, नवरा गेला आणि गाडी गळ्यात पडली.

बिचारीला सगळं कळत होतं. म्हणून तर ती रोज दुपारी हमरस्त्याने डेल्फझाइलच्या समुद्राकाठच्या बंधाऱ्यापर्यंत गाडी दामटायची, बॅटरी रिकामी आणि गरम करून आणायची, आणि आल्या आल्या जोडायची. मग पंखा संध्याकाळपर्यंत चालायचा. खिडकी उघडी टाकून ती ऐकत बसायची. इस्पितळात हार्मच्या उशाशी श्वासाचं यंत्र असंच घरघरायचं. ते चालू होतं तोवर हार्म होता.

"तुम्ही फक्त किल्लीचं बटण दाबा," सीत्से म्हणाला. "त्याशिवाय केबल सुटत नाही. बाकी सगळं मी बघतो."

इस्पितळातही डॉक्टरांनी तिला हेच सांगितलं होतं, तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी आम्ही बघतो. तिने मान हलवली होती. आणि कुणी यंत्र बंद करायच्या आत कोट उचलून ती जिन्याने खाली आली होती, बस चुकेल म्हणून.

"आज नको," ती म्हणाली. "चर्चजवळ आहे की दुसरा खांब."

"आधी तिथेच जाऊन आलो. रांग लागलीय. शेजारीणबाई, दुसरा काही इलाज असता तर सहा वाजता तुमची बेल वाजवायला मला काय वेड लागलंय?"

तिने खुंटीवरची किल्ली काढली. दोघं रस्ता ओलांडून गेले. सीत्सेने केबलला हात घातला आणि तिच्याकडे पाहिलं. फ्राउकेने डोळे मिटून बटण दाबलं. खट् आवाज झाला. आता सगळं शांत होईल, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली.

काहीच शांत झालं नाही. पंखा चालूच होता.

तिने डोळे उघडले. "काढलीस ना रे?"

"काढली की. ही काय हातात आहे." त्याने आपली केबल जोडलीसुद्धा. "पंखा असा लगेच बंद होत नाही. आत धग असते ना. ती जाईपर्यंत चालतो आपला. पाव तास, कधी जास्तही."

"काढल्यावरसुद्धा?"

"काढल्यावरसुद्धा."

फ्राउकेने बॉनेटवर तळहात ठेवला. चटका बसण्याइतकं गरम होतं, आणि खालून बारीक थरथर जाणवत होती. तिचा चेहरा बघून सीत्से जरा गडबडला.

"चला, आन्सने बटाट्याचं सॅलड केलंय. आज आमच्याकडेच दोन घास खा." ऐन जेवणाच्या वेळी असं बोलावणं त्या गल्लीत कुणी कुणाला केल्याचं ऐकिवात नव्हतं.

"तू जा बाळा, तुझी बायको खोळंबली असेल. माझ्या दारातली खुर्ची तेवढी इथे आणून दे."

"इथे? रस्त्यावर? या उन्हात काय करणार बसून?"

"बंद होईपर्यंत बसते." तिने हात उचलला नाही. "मागच्या वेळी थांबले नव्हते मी."