आत्याबाईंचा कप
वर्षभर देशोदेशी फिरत मी कादंबरी लिहितेय. खोल्या बदलतात, सवय नाही. संवाद मोठ्यानं म्हटल्याशिवाय लिहिताच येत नाहीत. इथं कादंबरीतल्या आत्याबाईंची बडबड भिंतीपलीकडे घरमालकिणीला ऐकू जायची. तिला मराठीचा गंधही नाही. पहिल्याच सकाळी ती दोन कप चहा घेऊन आली, पाहते तर खोलीत मी एकटीच! मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. ती खळखळून हसली, तरी दुसरा कप रिकाम्या खुर्चीपुढे ठेवूनच गेली. मग रोजच. फोनवर ऐकून आईनं विचारलं, “आत्याबाईंचा चहा कोण पितं गं?” “मीच.” “मग त्यांना जगव बाई!” पण कथेपुढे माझं काय चालणार? काल आत्याबाई गेल्या. त्यांचे शेवटचे शब्द म्हणताना मी हुंदके देऊन रडले. आज सकाळी दार उघडलं. घरमालकिणीचे डोळे सुजलेले होते. ट्रेमध्ये एकच कप होता.