सूतभर फट

"सूतभर ढिलं ठेवा," बायको पलंगावरून म्हणाली. "फोन आहे तो, खुंटी नाही."

"ढिलं काम माझ्या हातून होत नाही," मिस्त्री म्हणाला आणि त्याने खाचेतून कानशीचा शेवटचा हात फिरवला. चाळीस वर्षं दारं-खिडक्या बसवलेल्या माणसाला सूतभर फट म्हणजे अब्रूचा प्रश्न.

घरात फोन एकच, आणि त्याचं पिन लागायचं भोक सैल झालेलं. वायर एका ठरावीक कोनात दाबून धरली तरच बॅटरी भरायची, जरा हललं की संपलं. दुरुस्तीवाला म्हणाला, दोन दिवस ठेवून जा. दोन दिवस! इथे दोन तास फोन सोडायची सोय नव्हती. चार वर्षं यादीत वाट बघून बायकोचा नंबर आता तिसऱ्यावर आला होता. हॉस्पिटलने बजावलं होतं, किडनी मिळाली की फोन येईल, अर्ध्या तासात उचलला नाही तर पुढच्या पेशंटला बोलावणार. डॉक्टरांनी तर त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्यांचं हृदय दमलंय, यंदा झालं तर झालं. हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. तिला ते कळलंच होतं.

म्हणून हा सगळा खटाटोप. उरलेल्या सागाच्या तुकड्यात त्याने फोनच्या मापाचं घर कोरलं होतं. तळाशी भोक पाडून पिनेचं तोंड नेमक्या कोनात पक्कं केलं होतं. फोनला ओरखडा पडू नये म्हणून आतून तिच्या जुन्या शालीचं अस्तर लावलं होतं. शाल कापायची म्हटल्यावर तिने तोंड वाकडं केलं, पण कात्री तिनेच शोधून दिली.

अकराच्या सुमाराला त्याने फोन आत सरकवला. फोन गळ्यापर्यंत खाली गेला आणि घट्ट बसला. वरच्या कडेला चार्जिंगची खूण उमटली.

"बघ. आता भूकंप आला तरी हलायचा नाही."

"घ्या, स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घ्या," ती म्हणाली, पण हसली. तिने उशाची बाटली उचलून एक घोट घेतला. दिवसभराचं पाणी तेवढंच, कारण किडनी चालत नसल्याने जास्तीचं पाणी छातीत साचून जिवावर बेतलं असतं. बाटलीला कागदाची पट्टी डकवून तिच्यावर त्याने आपल्या पेन्सिलीने आठ रेघा आखल्या होत्या, एका वेळेला एक रेघ. "नवी किडनी बसली ना, की मी आधी काय करणार सांगू? मोठा पेला भरून पाणी पिणार. घटाघटा. रेघ नाही, बिघ नाही."

"पी की. मी भरून देईन."

त्याने ते लाकडी घर फळीवर ठेवलं, भुसा झाडून घेतला. तोवर तिचा डोळा लागला होता. किती महिन्यांनी त्याच्या जिवाला घोर नव्हता. रात्रंदिवस कान त्या फोनकडे आणि हात त्या वायरवर, अशी सवयच जडली होती. तो भिंतीला टेकला आणि त्यालाही तिथेच झोप लागली.

जाग आली तेव्हा दीड वाजला होता. फोन बाहेर काढायला त्याला चांगलाच जोर लावावा लागला आणि त्याचंही त्याला कौतुक वाटलं.

नऊ मिस्ड कॉल होते. नंबर एकच, हॉस्पिटलचा. पहिला साडेअकराचा, शेवटचा बारा वाजून पाच मिनिटांचा.

 त्याने लगेच तो नंबर लावला. बायको उठून बसली होती. पलीकडच्या मुलीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"काका, पस्तीस मिनिटं लावत होतो आम्ही. रिंग जात होती, कुणी उचललाच नाही."

"फोन चालू होता," तो म्हणाला. "इथेच होता. आम्ही दोघंही इथेच होतो."

"आता दुसऱ्या पेशंटला आत घेतलंय, काका. तुमचा नंबर आहेच यादीत." त्या मुलीचाही आवाज पडला होता.

त्याला काही उमजेना. त्याने फोन पुन्हा घरात सरकवून पाहिला. अर्धा आत जातो न जातो तोच पडद्यावर आवाजाची पट्टी उमटली आणि भराभर खाली आली. खाली, खाली, पार तळाला. बाजूचं बटण लाकडाने दाबून धरलं होतं. जी काही थरथर झाली असेल ती शालीने गिळली होती.

 त्याला स्वतःच्या हातांची किळस आली. हेच हात, आणि यांचाच काय तो तोरा!

"बोल काहीतरी," तो म्हणाला. "शिव्या घाल मला."

तिने फळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाणी द्या."

त्याने सवयीने बाटली उचलली आणि रेघ दिसावी म्हणून उजेडाकडे धरली.

"बाटली नको. मोठ्या पेल्यातून द्या. भरून."

"अगं, पण..."

"रेघा नका बघू आता."

 पेला घेऊन त्याने नळाखाली धरला. पेला काठोकाठ भरला, पाणी हातावरून वाहायला लागलं, तरी नळ बंद करायचं त्याला सुचेना.