सखाचं तेरा सेकंदांचं मरण

“माजा सखा मेला नाय!”

धोंडुबाई खुर्चीवर उभी राहून ओरडली. रोह्याच्या थेटरात मॅटिनी चालू होती. मागच्या रांगेतून दोनचार शिव्या आल्या. तिकडे स्टेशनातून सुटलेली गाडी जागेवर थबकली म्हणतात. ड्रायव्हरला वाटलं, कुणीतरी साखळी ओढली.

पडद्यावर तिचा लेक मिठागराच्या बांधावरून चालला होता. खांद्यावर फावडं. समोरून जमीनदाराचे चार गुंड आले, हातात तलवारी. आणि पुढच्याच क्षणी नायिका विहिरीवर गाणं म्हणायला लागली. मधे काही नाही. सखा मेलाच नाही.

पंधरा वर्षांपूर्वी हाच सिनेमा पेणला लागला होता, तेव्हा तो चांगला मेला होता. तेव्हा पोस्टरवर ठळक लिहिलेलं होतं, ‘फक्त प्रौढांसाठी’. शूटिंगवाल्यांनी सखाला पेणच्या एसटी स्टँडवरून उचललं होतं. धिप्पाड गडी पाहिजे म्हणाले, मुंबईला घेऊन गेले. तो परत आला नाही. वर्षभराने आला तो पडद्यावर. तीन वार, रक्ताची चिळकांडी, चिखलात तोंड. डोलवीशेजारच्या त्याच्या गावातली झाडून सगळी प्रौढ माणसं तिकीट काढून रडली. मास्तरांनी समजावलं, तो रंग असतो. पण रंग असता तर धुऊन माणूस घरी नसता आला? हरवलेल्याची बारा वर्षं वाट बघायची आणि मग क्रिया करायची, अशी रीत. गावाने बारा दिवसांत उरकलं. डोळ्यांनी बघितल्यावर वाट कशाची बघायची? त्याच दिवशी त्याच्या बायकोच्या, बायजाच्या, हातातल्या बांगड्या फुटल्या.

आता सिनेमाच्या मालकाला तो टीव्हीला विकायचा होता. टीव्हीला रक्त चालत नाही. त्याने सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे नेला, मारामाऱ्या कापल्या आणि ‘सर्वांसाठी’चं सर्टिफिकेट आणलं. जाता जाता तीच कापलेली प्रत थेटरांतही फिरवली. एवढीच गोष्ट. पण धोंडुबाईच्या धाकट्या लेकाला, मोरूला, ती वेगळीच कळली.

“सरकारनं दुसऱ्यांदा तपासलान,” तो पारावर म्हणाला. “शिक्का मारलाय. दादा मेला नाय.”

सरकारी शिक्क्यापुढे कोण बोलणार? ठरलं असं, की रविवारी टेम्पो करून अख्ख्या गावाने रोह्याला जायचं. सगळ्यांनी बघायचं. खात्री पटली की सोमवारी मोरू मुंबईला जाईल, एकेक स्टुडिओ धुंडाळील आणि दादाला बायजाच्या दारात आणून उभा करील.

बायजाच्या कानावर हे आलं. चुलीवरचं कालवण करपलं तरी उठली नाही.

शनिवारी सकाळी धोंडुबाईने पेणहून हिरव्या बांगड्या आणल्या. पंधरा वर्षं दोघी एका चुलीवर जेवल्या होत्या, एका बांधावर मीठ ओढलं होतं. म्हातारीला सुनेचं भुंडं कपाळ बघवत नव्हतं.

“ये गो बायजा, नशीब उघडलं तुजं,” म्हणून तिने अंगठा कुंकवात बुडवला आणि हात वर केला.

बायजा एकदम खाली बसली. गुडघे छातीशी, दोन्ही हात डोक्यावर.

“वाढते,” ती म्हणाली. “वाढते, वाढते. भाकरी झाली. आताच वाढते.”

धोंडुबाईचा हात हवेत राहिला. सखा घरात होता तेव्हा तिचं अंथरूण आणि लेकसुनेचं अंथरूण यांच्यामधे एक कुडाची भिंत होती. पलीकडून हेच शब्द यायचे, याच आवाजात. धोंडुबाई तेव्हा कुशीवर वळायची.

तिने अंगठा स्वतःच्या लुगड्याला पुसला. बांगड्या उचलून कोनाड्यात ठेवल्या.

रविवारी टेम्पो यायच्या आधीच ती पेणला गेली आणि तिथून गाडीने रोह्याला पोचली. जिना चढून सरळ ऑपरेटरच्या खोलीत शिरली. ऑपरेटर दत्तात्रेय. सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा तो पेणच्या थेटरात होता. म्हातारीला बघून तो हसला.

“लेकाला बघायला आलात? बसा आजी. खेळाला वेळ हाय. तुमच्या एकटीपुरता लावतो, बांधावरून चालताना.”

“तो कापलेला तुकडा हाय ना तुज्याकडं?”

होता. दत्तात्रेय सगळ्या पेणला सांगत फिरायचा, पेणच्या माणसाचं मरण माझ्या डब्यात आहे म्हणून. शेवटच्या खेळाला प्रत जीर्ण होऊन तुटली, तेव्हा तेवढ्या मरणाची फिल्म त्याने ठेवून घेतली होती. वीस फूट. तेरा सेकंद. त्याने बिस्किटांच्या डब्यातून ती काढली. धोंडुबाईने खिडकीच्या उजेडात धरली. बोटाच्या पेराएवढा सखा, एकाखाली एक, शेकड्यांनी, आणि प्रत्येकाच्या अंगावर थोडं जास्त लाल.

तिने फिल्म त्याच्या पुढ्यात ठेवली.

“जोड. आजच्या खेळाला.”

“आजी, येड्या झालात काय? सेन्सॉरनं काढलेलं लावलं तर मना बेड्या पडतील.”

“सांग, म्हातारीनं जबरदस्ती केलान. मी येते चौकीवर.”

“आवो, सगला गाव येनार हाय आज खेळाला. त्यांच्यासमोर तो परत मरंल.”

“मरू दे.”

खाली टेम्पो येऊन थांबला. मोरूचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तो तिकिटांसाठी माणसं मोजत होता. दत्तात्रेयने खिडकीतून बघितलं. गर्दीच्या मागे बायजा उभी होती, हात रिकामे, नजर पायरीवर. त्याला अर्धं कळलं. उरलेलं अर्धं विचारायची हिंमत होईपर्यंत पहिली घंटा झाली.

“पन आजी,” तो हळूच म्हणाला, “लेक हाय ना तो तुमचा?”

“व्हय,” धोंडुबाई म्हणाली. “म्हणून तं मीच आले. जोड.”