सात नंबरचा खिळा

"किल्ली मीच दिली," कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर तिसऱ्यांदा म्हणाला.

वकीलबाईंनी पेन टेबलावर टाकलं. "काका, हे वाक्य कोर्टात गेलं की तुम्ही आत जाल. आणि मंडळाला खड्ड्यात घालाल ते वेगळंच."

मैदानालगतच्या विमान मंडळाच्या खोलीत तिघंच होते. छताला सभासदांनी हौसेनं बनवलेली, स्पर्धेत उडवायची छोटी लाकडी विमानं टांगलेली. दारामागे खिळ्यांची फळी. पार्टीच्या दिवशी आल्याआल्या गाडीची किल्ली आपल्या नंबरच्या खिळ्याला लावायची, मगच ग्लास उचलायचा, असा मंडळाचा नियम. न पिणारा एक जण फळी सांभाळायचा. जो शुद्धीत असेल त्यालाच किल्ली परत.

वार्षिक स्पर्धेच्या दुपारी फळी टर्नरकडे होती. त्याच दुपारी त्याचा जावई पोटात सहा ग्लास बिअर घेऊन सायकलवरच्या पोस्टमनवर आदळला, मग भिंतीवर. दोघंही जागीच गेले. आता पोस्टमनच्या बायकोनं दावा लावला होता. दारू मंडळानं पाजली, किल्ली मंडळाच्या माणसानं दिली.

"अरे, ऐक जरा," अध्यक्ष म्हणाले. ते दातांचे डॉक्टर. बोलणंही तसंच, आधी बधिर करायचं, मग उपटायचं. "गाडीला दोन किल्ल्या असतातच ना? मी दिली नाही, त्याच्याकडे दुसरी होती, एवढंच म्हण. मेलेला माणूस काय उठून नाही म्हणणार आहे?"

"दुसरी नव्हती."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. आणि बिअरचं पिंप कोणी मागवलं? 'घ्या हो जावईबापू, लाजताय काय' असं कोण म्हणत होतं?"

अध्यक्ष खिडकीबाहेर बघू लागले.

"एका बाईचं कुंकू गेलं, पोरं उघड्यावर आली. आणि तुम्ही इथं बसून खोटं कसं बोलायचं ते मला शिकवताय! दात उपटता उपटता लाजही उपटून टाकलीत का?"

"आवाज खाली," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा पेन उचललं. "जावयांची किल्ली कितव्या खिळ्याला होती?"

"सात."

"पोलीस आले तेव्हा तो खिळा रिकामा होता?"

"रिकामा."

"किल्ली मागताना ते काय म्हणाले?"

"शिव्या घातल्या. आईवरून."

"आणि तुम्ही घाबरलात?"

"घाबरलो. दिली."

"मुलीचा तरी विचार करा, काका. नवरा गेला, आता बापही तुरुंगात?"

"तिचं मी बघतो. कागद आणा इकडे."

त्यानं सही केली. अक्षर कोरीव होतं.

"मोठा हरिश्चंद्र लागून गेलास," अध्यक्ष पुटपुटले. "सगळ्यांना बुडवलंस."

टर्नरनं चपला पायात सरकवल्या आणि तो निघाला.

घरी मुलगी स्वयंपाकघरात नुसतीच बसली होती. भाजी चिरायला घेतलेली, तशीच पडलेली. मनगटावरचा महिन्यापूर्वीचा निळा डाग आता पिवळा पडला होता.

"सही केलीत?"

"केली."

"बाबा, मी जाते त्यांच्याकडे. मी सांगते."

"गप बस."

तो मागच्या खोलीत गेला. ती त्याच्यामागून आली. त्यानं खिशातून जावयाची किल्ली काढली, वाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट आवळली आणि तिचे दाते घासून काढायला कानस हातात घेतली. अपघाताची बातमी आली तेव्हा ही किल्ली सात नंबरच्या खिळ्यालाच लटकत होती. पोलीस यायच्या आत त्यानं ती खिशात घातली होती.

"मी किल्ली दिली नाही म्हणून त्यानं तुला फोनवर दम भरला, आणि तू घरातली दुसरी मैदानावर नेऊन दिलीस," तो कानस चालवत म्हणाला, "हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही."