लंगडणारा लघुग्रह

"लंगडतोय तो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चहात पुन्हा साखर घातली.

"कोण?"

"माझा लघुग्रह."

बाईंनी साखरेचा डबा आपल्याकडे ओढून घेतला. डॉक्टर दातांचे होते आणि बाई, म्हणजे त्यांची बायको, निवृत्त मुख्याध्यापिका. डबा बाईंकडे असणंच सगळ्यांच्या हिताचं होतं.

दोन महिन्यांपूर्वी, गच्चीवरच्या दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंत डॉक्टरांना एक ठिपका ताऱ्यांमधून गुपचूप सरकताना सापडला होता. इतका अंधुक, की दुर्बिणीला डोळा लावून दिसत नसे. कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवला तरच उमटे. कुठल्याही नकाशात तो नव्हता. जगभरच्या लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राने कळवलं, याचा मार्ग पक्का करून द्या, मग शोध तुमचा. म्हणजे तो आकाशात नेमका कुठे आणि नेमका कधी होता, हे पुन्हापुन्हा टिपायचं. डॉक्टरांनी मन लावून टिपलं. मग आभाळ भरून आलं ते उघडेचना. काल उघडलं, तर गणिताने सांगितलेल्या जागी ठिपका नाही! रोज संध्याकाळी तो पश्चिमेला आणखी खाली उतरत होता. थोड्याच दिवसांत सूर्याच्या उजेडात बुडणार, आणि पुढच्या वर्षी जो पहिला पाहील त्याचा होणार.

केंद्राचं उत्तर सकाळीच आलं होतं. तुमचं प्रत्येक निरीक्षण सुरेख आहे, पण ती एकत्र नांदत नाहीत.

"भिंगं पुसली, गणित पुन्हा केलं," डॉक्टर म्हणाले. "गुरूच्या गुरुत्वाकर्षणावरसुद्धा संशय घेऊन झाला."

"वेळ नीट लिहिलीत ना?"

"वेळेचा प्रश्नच नाही. कॅमेऱ्यात दर संध्याकाळी वेळ भरतो, ती या घड्याळावरून." डॉक्टरांनी भिंतीकडे बोट दाखवलं. घरात त्यांचा पूर्ण विश्वास होता तो त्या घड्याळावर. मोबाइल ते दवाखान्यातच ठेवून येत, नाहीतर लोकांच्या दाढा घरापर्यंत पाठलाग करत.

बाईंचा कप ओठांपाशी थांबला.

"अहो, ते मी पुढे सरकवायचे."

"पुढे? किती?"

"ठरावीक असं नाही. तुम्हाला कुठे उशीर झाला, की थोडा काटा हलवायचे. म्हणजे पुढच्या वेळी तरी..."

"आणि माझं मनगटावरचं?"

"ते तुम्ही याच्यावरूनच लावता."

डॉक्टरांनी कागद ओढला आणि विवाहसंस्थेच्या इतिहासात कोणत्याही नवऱ्याने आजवर उच्चारलं नसेल असं वाक्य उच्चारलं.

"मला कधी कधी उशीर झाला, ते सगळं सांग. एकही वगळू नकोस."

बाईंनी चष्मा नीट केला. असा दिवस उजाडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"माझ्या भावाच्या निरोप समारंभाला पोचलात, तेव्हा भाऊ निरोप घेऊन घरी गेला होता. शेजारच्या आजोबांच्या अंत्ययात्रेत तुम्ही परत येणाऱ्या लोकांत सामील झालात. विहीणबाई स्टेशनवर बॅगेवर बसून राहिल्या..."

"विहीणबाईंसाठी काटा किती?"

"बराच. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत ना, म्हणून."

दुपारपर्यंत बाई बोलत होत्या आणि डॉक्टर वजाबाकी करत होते. तारखा, वार, कोणी काय टोमणा मारला, सगळं तपशीलवार. लघुग्रह हळूहळू सरळ चालू लागला. शेवटची काही निरीक्षणं सोडली, तर त्याच्या चालीत काही खोट उरली नाही.

संध्याकाळी दोघंही गच्चीवर गेले. दुर्बीण नव्या जागी रोखली, फोटो काढला. तारे होते. ठिपका नव्हता.

"एखादा उशीर राहिलाय," डॉक्टर म्हणाले.

"माझ्याकडून?" बाई ताठ झाल्या. "शक्य नाही."

"अगं, पण शेवटी शेवटी उलटंच होतंय. वजाबाकी जास्त पडतेय. कुणीतरी काटा मागे घेतल्यासारखी!" डॉक्टर स्वतःच्याच विनोदावर हसले.

बाई हसल्या नाहीत. त्या दुर्बिणीवरची धूळ पुसू लागल्या. तिथे धूळ नव्हती.

"एकदा घेतला होता मागे," त्या म्हणाल्या. सकाळचं सगळं सांगताना न वाटलेला संकोच त्यांना आत्ता वाटत होता. "मोतीबिंदू काढल्यावर माझ्या डोळ्याची पट्टी सोडली, त्या दिवशी. डोळा उघडला, तर समोर तुम्ही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे दवाखाना उघडायच्या आधीपासून दारात बसलेत."

"किती घेतलास मागे?"

"मी काय मोजलं होतं?"

डॉक्टरांनी त्या दिवसापासूनची वजाबाकी थोडी कमी केली. मार्ग सुधारला. आणखी कमी केली. आणखी सुधारला. शेवटी वजाबाकी पुसून शून्यच करून टाकली, तशी सगळी निरीक्षणं मुख्याध्यापिका समोर आल्यासारखी एका रांगेत उभी राहिली. दुर्बीण केसभर वळली. कॅमेरा उघडला, मिटला. पडद्यावर, बरोबर मधोमध, ठिपका होता.

डॉक्टरांनी अशी आरोळी ठोकली, की समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरून गच्चीभर एक फेरी मारली. मग धापा टाकत ते थांबले. वजाबाकीच्या त्या शून्याकडे त्यांचं आत्ता कुठे नीट लक्ष गेलं.

"म्हणजे तू सगळाच मागे घेतलास. घड्याळ तेव्हापासून अगदी बरोबर आहे."

"हो. त्या दिवशी तुमचे सगळे उशीर माफ करून टाकले."

"मग सकाळपासून एवढा पाढा वाचलास तो?"

"तुम्ही विचारलंत म्हणून," बाई म्हणाल्या. "एरवी मी कशाला असलं लक्षात ठेवतेय!"